कंटेनरला बिल्ले किती द्यायचे? १०२४ या आकड्याची गोष्ट

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. १०२४.

आधी दोन तक्रारी ऐका. पहिली अशी: मायएसक्यूएल ५.७ ची एक साधी इमेज आहे. उबंटूच्या सर्व्हरवर ती निवांत चालते. तीच इमेज, तीच कमांड, फेडोरा किंवा आर्च लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर चालवली की सुरू होता होताच कित्येक जीबी मेमरी गिळते आणि कर्नल तिला मारून टाकतो. डेटाबेसमध्ये अजून एक ओळसुद्धा भरलेली नसते.

दुसरी तक्रार बरोबर उलटी. सेवा वर्षभर नीट चालू होती. टीमने सर्व्हरवरचं कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, आपल्या कोडला हातसुद्धा लावला नाही. आणि ऐन गर्दीच्या वेळी लॉगमध्ये ओळ यायला लागली, ‘टू मेनी ओपन फाइल्स’.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. एका प्रोग्रॅमने एका वेळी किती फाइल्स उघड्या ठेवायच्या, याची ऑपरेटिंग सिस्टिमने घातलेली मर्यादा. ती वाढवली तर जुने प्रोग्रॅम मोडतात आणि कमी केली तर नवे मोडतात. मग बदलायची कशी? हे नीट समजलं की फक्त ही एक मर्यादा नाही, कुठलीही डिफॉल्ट सेटिंग बदलताना काय जपायचं ते कळतं. म्हणून हा भाग.

चप्पल स्टँडचा बिल्ला

देवळाबाहेर चप्पल स्टँड असतो ना, तिथे चपला दिल्या की नंबर असलेला बिल्ला मिळतो. पुढचा सगळा व्यवहार त्या नंबरावर चालतो. लिनक्समध्ये प्रोग्रॅमने फाइल उघडली की कर्नल त्याला असाच एक नंबर देतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. आपण बिल्लाच म्हणू.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फाइल म्हणजे फक्त डिस्कवरची फाइल नव्हे. नेटवर्क कनेक्शन, पाइप, टर्मिनल, सगळ्यांना बिल्ला लागतो. तुमच्या सर्व्हरला दोन हजार लोक जोडलेले असतील तर दोन हजार बिल्ले गेले. दोन, कर्नल नेहमी रिकामा असलेला सगळ्यांत लहान नंबर देतो. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी सुरुवातीलाच गेलेले असतात. म्हणून तुमची पहिली फाइल बहुतेक वेळा ३ नंबरची असते.

आता मर्यादा. ती एक नाही, दोन आहेत. सॉफ्ट लिमिट ही आत्ता लागू असलेली मर्यादा. हार्ड लिमिट म्हणजे सॉफ्ट लिमिट जिथवर नेता येते तो वरचा टोक. स्टँडवाल्याने आज १०२४ खुंट्या उघडल्यात, पण देवस्थानने त्याला पाच लाख खुंट्यांपर्यंत परवानगी दिली आहे, असं समजा. गर्दी वाढली तर तो स्वतःहून खुंट्या वाढवू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही. देवस्थानने दिलेला आकडा ओलांडायचा असेल तर मात्र खास अधिकार लागतो.

आणि या मर्यादा वारशाने मिळतात. आई प्रोसेसची मर्यादा मुलीला, तिची तिच्या मुलीला. कंटेनरचा गोंधळ इथूनच सुरू होतो, पण त्याकडे येतोच.

१०२४ च का?

१९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सिलेक्ट नावाचा सिस्टिम कॉल आला. काम साधं: माझ्याकडे इतकी कनेक्शन्स आहेत, त्यातल्या कुणाकडून काही आलंय का, ते सांग. त्यासाठी प्रोग्रॅम कर्नलला एक तक्ता देतो. प्रत्येक बिल्ल्यासाठी एक चौकोन, हवा त्यावर खूण. लिनक्सवर जी सी लायब्ररी सर्रास वापरतात, त्या जीलिबसीमध्ये या तक्त्यात ठरलेले १०२४ चौकोन असतात. म्हणजे १०२४ बिट, १२८ बाइट.

आता प्रोग्रॅमला १५०० नंबरचा बिल्ला मिळाला आणि त्याने तक्त्यावर खूण करायला घेतली तर काय होईल? १५०० वा चौकोनच नाही. खूण कागदाबाहेर पडते, टेबलावर दुसरा जो कागद असेल त्यावर. सी भाषेत याचा अर्थ भलत्याच मेमरीत लिहिलं गेलं. प्रोग्रॅम तिथेच कोसळला तर नशीब म्हणायचं. नाहीतर तो चुकीचा डेटा घेऊन पुढे चालत राहतो, आणि कुणी मुद्दाम तशी परिस्थिती आणली तर ते सुरक्षेतलं भगदाड ठरतं.

पोल आणि ईपोल हे नंतर आलेले कॉल असा ठरावीक आकाराचा तक्ता वापरत नाहीत. त्यामुळे नव्या सर्व्हर प्रोग्रॅमना १०२४ ची काही भीती नाही. पण सिलेक्ट वापरणारा जुना कोड कुठल्या लायब्ररीच्या पोटात लपलाय, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून सॉफ्ट लिमिट १०२४ ठेवली की १०२३ च्या वरचा बिल्ला मिळतच नाही. १०२५ वी फाइल उघडताना सरळ एरर येतो. एरर त्रासदायक असतो खरा, पण इथे तो पहारेकऱ्याचं काम करतोय. मेमरी खराब होण्यापेक्षा ‘बिल्ले संपले’ हे ऐकलेलं कधीही बरं.

अमर्याद म्हणजे नेमकं किती?

डॉकर आणि कंटेनर-डी हे बॅकग्राउंडला सतत चालणारे प्रोग्रॅम. लिनक्सवर त्यांना सुरू करतो सिस्टिम-डी, आणि कोणाला काय मर्यादा ते त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे बरीच वर्षं लिहिलेलं होतं, इन्फिनिटी. अमर्याद.

पण कर्नलला अमर्याद बिल्ले माहीत नाहीत. एका प्रोसेसला जास्तीत जास्त किती द्यायचे याचा त्याचा एक वेगळा आकडा असतो आणि इन्फिनिटी म्हणजे तोच आकडा. तो डिफॉल्टने १०,४८,५७६ होता. म्हणजे लोक लिहीत होते अमर्याद आणि मिळत होते साधारण साडेदहा लाख. सगळं सुरळीत चालू होतं.

डिसेंबर २०१८ मध्ये सिस्टिम-डीची २४० वी आवृत्ती आली. तिच्यात या विषयावर दोन बदल होते, आणि माझ्या मते हे दोन बदल शेजारी ठेवून पाहणं हाच या सगळ्यातला धडा आहे.

पहिला बदल: हार्ड लिमिट ४०९६ वरून ५,२४,२८८ वर नेली. सॉफ्ट लिमिट मात्र १०२४ वरच ठेवली. परिणाम काय? जुन्या प्रोग्रॅमना काही फरक दिसलाच नाही, कारण ते सॉफ्ट लिमिटमध्येच जगतात. ज्यांना जास्त हवे ते सुरू होतानाच स्वतःची सॉफ्ट लिमिट वर नेऊ लागले. आणि पाच लाख हा आकडा मोठा असला तरी आवाक्यातला आहे. एखाद्या प्रोग्रॅमने प्रत्येक बिल्ल्यामागे ८ बाइटची यादी बनवली तरी ती ४ एमबीत संपते.

दुसरा बदल: कर्नलचा तो वेगळा आकडाही शक्य तितका वर नेला. साडेदहा लाखांवरून थेट १,०७,३७,४१,८१६. एकशे सात कोटी. डॉकरच्या सर्व्हिस फाइलमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं, पण इन्फिनिटी या शब्दाचा अर्थ हजारपटीने बदलला. आणि इन्फिनिटी लिहिलं की सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही तिथे जातात.

डेबियनने हा दुसरा बदल आपल्याकडे बंद ठेवला, तेच उबंटूमध्येही आलं. फेडोरा आणि आर्चमध्ये तो लागू राहिला. आता पहिली तक्रार आठवा. इमेज तीच, कमांड तीच, आणि लॅपटॉप बदलला की मेमरी गायब. कोडं सुटलं ना?

एकशे सात कोटी खुंट्या

पण नुसती मर्यादा मोठी असल्याने प्रोग्रॅम का मोडावा? वापरत नसलेल्या खुंट्यांचा त्रास कुणाला?

त्रास होतो, कारण काही प्रोग्रॅम मर्यादा विचारतात आणि त्या आकड्यावरून कामाला लागतात. याचे दोन प्रकार.

पहिला प्रकार यादी बनवणारे. किती बिल्ले मिळू शकतात ते बघून तेवढ्या लांबीची जागा आधीच राखून ठेवतात. एकशे सात कोटी गुणिले ४ बाइट म्हणजे ४ जीबी, ८ बाइट धरले तर ८ जीबी. आपलं मायएसक्यूएल ५.७ याच जातीचं.

दुसरा प्रकार बंद करत सुटणारे. प्रोग्रॅम नवी मुलगी प्रोसेस सुरू करतो तेव्हा उघडे बिल्ले तिलाही जातात. पासवर्डची फाइल किंवा नको ते कनेक्शन तिच्या हाती जाऊ नये म्हणून जुनी पद्धत अशी, की ३ पासून सॉफ्ट लिमिटपर्यंत प्रत्येक नंबर बंद करायचा, तो उघडा असो वा नसो. पायथन २ मध्ये सबप्रोसेस सुरू करताना बाकीचे बिल्ले बंद करायला सांगितलं की तो हेच करायचा. स्टँडवर चपलांचे जोड तीन, आणि स्टँडवाला रात्री कुलूप लावायच्या आधी एकशे सात कोटी खुंट्या चाचपतोय!

हिशोब करून बघा. एका बंद करण्याला १०० नॅनोसेकंद लागतात असं धरू. १०२४ ला लागतील ०.१ मिलिसेकंद. साडेदहा लाखांना ०.१ सेकंद. एकशे सात कोटींना १०७ सेकंद. आणि हे प्रत्येक मुलगी प्रोसेसमागे. प्रोग्रॅम हँग झालाय असंच वाटणार. सीपीयू १०० टक्के आणि लॉगमध्ये अवाक्षर नाही.

यावर चांगले उपाय आहेत. स्लॅश प्रॉक स्लॅश सेल्फ स्लॅश एफडी या फोल्डरमध्ये खरंच उघडे असलेले बिल्लेच दिसतात, तेवढेच बंद करा. नाहीतर २०२० साली लिनक्स ५.९ मध्ये आलेला क्लोज-रेंज हा कॉल वापरा, तो एका झटक्यात सगळं बंद करतो. पण कंटेनरच्या आत कोणत्या सालातलं सॉफ्टवेअर चाललंय, ते तुमच्या हातात नसतं. कंटेनरचा फायदाच तो आहे ना, जुनी गोष्ट जशीच्या तशी चालवायची!

परत खाली येतानाही मोडतं

मग डॉकरने जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या २५ व्या आवृत्तीत इन्फिनिटी काढून टाकलं. आता सिस्टिम-डीचं डिफॉल्ट, म्हणजे सॉफ्ट १०२४ आणि हार्ड ५,२४,२८८. गंमत म्हणजे याचा परिणाम इमेज बिल्ड करताना दिसला, पण डॉकर रनने सुरू केलेल्या कंटेनरवर लगेच दिसला नाही. का? वारसा! डॉकर रनने सुरू झालेला कंटेनर हा डॉकरचा वंशज नसतो, कंटेनर-डीचा असतो. मर्यादा त्याच्याकडून येते. कंटेनर-डीने आपलं इन्फिनिटी काढलं २.० आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये. तिथून पुढे ज्याने ज्याने अपग्रेड केलं त्याच्या कंटेनरची सॉफ्ट लिमिट १०२४ वर आली.

आणि आपली दुसरी तक्रार इथे जन्मली. काही प्रोग्रॅमनी स्वतःची सॉफ्ट लिमिट कधी वाढवलीच नव्हती, कारण त्यांना आयती मोठी मिळत होती. त्यांना १०२४ पुरत नाहीत. वाईट हे, की टेस्टिंगमध्ये हे दिसत नाही. पन्नास कनेक्शनांवर सगळं हिरवं. हजाराच्या आसपास पोचलात की नवं कनेक्शन घेता येत नाही. म्हणजे हा दोष नेमका तेव्हाच उघडा पडतो, जेव्हा तुमच्याकडे सगळ्यांत जास्त लोक आलेले असतात.

सॉफ्टवेअरमध्ये हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात. वापरणारे पुरेसे असले की तुमच्या सिस्टिमचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी विसंबून असतो, तुम्ही वचन दिलेलं असो वा नसो. इन्फिनिटी हे कुणी दिलेलं वचन नव्हतं. तरी लोक त्यावर घर बांधून बसले होते.

कुबरनेटीसवाल्यांनो, तुम्ही जरा जास्तच जपा. पॉडच्या व्याख्येत ही मर्यादा लिहायला जागाच नाही. नोडवरच्या कंटेनर-डीला जे मिळालं ते तुमच्या पॉडला. नोडची इमेज बदलली की मर्यादा गुपचूप बदलू शकते.

मग आपण करायचं काय?

मी पाच पायऱ्या सांगतो. कमांड बोलल्या तशाच लिहितोय.

एक, आधी बघा. कंटेनरच्या आत शेल उघडा आणि ‘युलिमिट डॅश कॅपिटल एस स्मॉल एन’ चालवा, ही सॉफ्ट. एसच्या जागी कॅपिटल एच घातला की हार्ड. प्रत्यक्ष किती बिल्ले वापरात आहेत ते स्लॅश प्रॉक, प्रोसेसचा नंबर, स्लॅश एफडी या फोल्डरमधल्या नोंदी मोजून कळतं. गर्दीच्या वेळी मोजा, रात्री दोनला नको.

दोन, कुणाला खरंच जास्त लागतात ते ठरवा. इलॅस्टिकसर्चला किमान ६५,५३५ लागतात असं त्यांच्याच कागदपत्रांत आहे. डेटाबेस, प्रॉक्सी यांनाही जास्त लागतात. तुमच्या छोट्या क्रॉन जॉबला नाही लागत.

तीन, मर्यादा त्या सेवेपुरतीच लिहा, आणि आकड्यात लिहा. डॉकर रनला ‘डॅश डॅश युलिमिट’ देऊन नोफाइल बरोबर सॉफ्ट, कोलन, हार्ड असे दोन्ही आकडे द्या. कंपोजच्या फाइलमध्ये युलिमिट्स म्हणून वेगळी जागा आहे. अख्ख्या डॉकरचं डिफॉल्ट वाढवलंत तर ज्या जुन्या कंटेनरला १०२४ मध्ये सुख होतं, त्यालाही तुम्ही विनाकारण ओढलंत. आणि इन्फिनिटी हा शब्द नकोच. त्याचा अर्थ तुम्ही ठरवत नाही, तुमच्याखालची मशीन ठरवते.

चार, प्रोग्रॅम तुमचा असेल तर वाढ प्रोग्रॅमनेच करावी. सिस्टिम-डीचे लेनार्ट पोएटरिंग यांनीही हेच सुचवलंय: तुमच्या कोडमध्ये सिलेक्ट नाही याची खात्री असेल तर सुरू होतानाच सॉफ्ट लिमिट हार्डपर्यंत न्या, आणि दुसरा प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्यासाठी ती परत जुन्या जागी आणा. गो भाषेने हे १.१९ आवृत्तीपासून आपोआप केलं, मुलगी प्रोसेससाठी परत खाली आणणं नंतरच्या आवृत्त्यांत जोडलं. जावाचं हॉटस्पॉट आणि नोड जेएस सुरुवातीलाच सॉफ्ट वर नेतात. पायथनमध्ये रिसोर्स मॉड्यूल वापरून तुम्हाला दोन ओळी लिहाव्या लागतात. एनजिनएक्समध्ये वर्कर-आरलिमिट-नोफाइल ही सेटिंग आहे.

पाच, एकदम सगळीकडे नको. आधी एका नोडवर बदल करा, एक गर्दीचा दिवस जाऊ द्या, लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ शोधा, प्रोग्रॅम सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि किती मेमरी घेतो ते आधीच्या आकड्याशी ताडून बघा. मग पुढचे नोड.

आणि कुणी विचारेल, हार्ड लिमिट मोठी ठेवली तर एखादा बिघडलेला कंटेनर मशीन खाऊन टाकणार नाही का? प्रत्येक उघड्या फाइलला कर्नलमध्ये मेमरी लागते, आणि ती मेमरी आता कंटेनरच्या मेमरी मर्यादेत मोजली जाते. तेव्हा कंटेनरला मेमरीची मर्यादा घाला. खरा लगाम तो आहे.

एका वाक्यात सांगायचं तर: वरची परवानगी मोठी करा, खालचं डिफॉल्ट हलवू नका, आणि ज्याला जास्त हवं त्याला ते मागू द्या. जुना प्रोग्रॅम काहीच मागत नाही, म्हणून त्याच्या वाटेला काहीच बदल येत नाही. कंपॅटिबिलिटी सांभाळणं म्हणतात ते हेच.

आज घरी किंवा ऑफिसात एक कंटेनर उघडा आणि त्याच्या दोन्ही मर्यादा बघा. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला तर मला नक्की कळवा, कुठली लिनक्स आणि कंटेनर-डीची कुठली आवृत्ती तेही सांगा. पुढच्या भागात याच कुटुंबातली दुसरी मर्यादा घेऊ, एका कंटेनरने किती प्रोसेस जन्माला घालायच्या त्याची. तोपर्यंत, भेटूच!